पिवळी माहेरी निघाली

आम्ही मिरजेहून निघालो तेव्हा अर्धी गल्ली तोंडात ब्रश धरून रस्त्यावर उभी होती. निरोप द्यायला आली होती असं म्हणवत नाही. आमची गाडी सुरू झाली की कुणाला झोपताच येत नाही. समोरच्या देशपांडे वहिनींची खिडकी थरथरते आणि कोपऱ्यावरची कुत्री एकदम उठून उभी राहतात. आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, स्टिअरिंगवर बसून आवाज ऐकत शांतपणे मान हलवते.

ही गाडी तिच्या घराण्यातली. अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची, पुढे हे एवढं लांब बॉनेट. तिकडे अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. दंड फुगवून तालमीबाहेर उभा राहिलेला पैलवान डोळ्यांसमोर आणा, तशी दिसते. सुनंदाचे आजोबा खंडाळ्याच्या एका बंगल्यावर ड्रायव्हर होते. बंगल्याचे मालक कायमचे परदेशी निघाले तेव्हा त्यांनी ती आजोबांच्या नावावर करून दिली. आजोबांनंतर ती माझ्या सासऱ्यांकडे आली. रेल्वेत त्यांची मिरजेला बदली झाली तेव्हा त्यांनी ती स्वतः चालवत आणली, आणि पुढे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती जी बंद पडली ती पडलीच. सासरे गेले. सुनंदा एकुलती एक, त्यामुळे शेडसकट गाडी आमच्या वाट्याला आली.

सुनंदा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवायची. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं जुना ड्रेस चढवला आणि ती शेडमध्ये शिरली. मग दोन-तीन वर्षं आमच्या घरात पोळ्यांपेक्षा ग्रीसचा वास जास्त होता. काही भाग परदेशातून मागवले, काही कोल्हापूरच्या फाउंड्रीतून ओतून घेतले. मी आयुष्यभर पोस्टाच्या काउंटरवर बसलेला माणूस. माझ्याकडे उजेडासाठी बॅटरी धरण्याचं आणि घरंगळलेले नट शोधण्याचं काम होतं.

गाडी पिवळीधमक होती, म्हणून घरात तिला सगळे पिवळीच म्हणायचे. पण गंज खरवडताना पिवळ्याखाली गर्द हिरवा रंग लागला. दाराच्या फटीत, डिकीच्या कडेला, सगळीकडे तोच. कारखान्यातून ती हिरवी निघाली होती. सुनंदा म्हणाली, "मूळचा असेल तोच द्यायचा." तेव्हा पिवळी आता हिरवी आहे. नाव काही बदललं नाही.

आता कुठे निघालो ते सांगतो. लोणावळ्यात, तुंगार्लीला, सुनंदाचे काका राहतात. माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. जन्मभर टॅक्सी चालवली, आता घरी असतात. सासऱ्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे ते गेल्यानंतरच्या विधीच्या दिवशी, काका म्हणाले होते, "पोरी, गाडी आमच्या खंडाळ्याची. तिला माघारी येऊ दे." सुनंदा तेव्हा रडून रडून थकली होती. ती एवढंच म्हणाली, "आप्पांची आहे, मी देणार नाही." त्या दिवसापासून काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. काकींचे फोन यायचे, पण काका फोनवर यायचे नाहीत. गाडी चालू झाल्यावर मला वाटलं, आपण पन्हाळ्याला जाऊ, ज्योतिबाला जाऊ. सुनंदा म्हणाली, "आधी काकांना दाखवायची." ऑक्टोबरची हवा छान पडली होती. मी बॅग भरली.

या गाडीत बसण्याचा एक मुद्दा आहे. तिचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे उजवीकडे, आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे, मी. पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर समोरून काही येतंय का, हे चालवणाऱ्याला दिसतच नाही. ते मला दिसतं. साधी स्कूटरही न चालवलेल्या माणसाच्या शब्दावर ही दीड-दोन टनांची गाडी उसळी घेणार, या विचारानं मला पेठ नाक्यापर्यंत घाम फुटत होता. सुनंदा विचारायची, "येतंय का?" मी म्हणायचो, "तसं काही दिसत नाही, पण..." ती म्हणायची, "पण नको. हो की नाही ते सांगा."

कराडपर्यंत मी हो आणि नाही शिकलो. साताऱ्याच्या पुढे पेट्रोल भरायला थांबलो, तर पंपावरच्या मुलांनी गाडीभोवती फोटोंसाठी रांग लावली. एकानं मला विचारलं, "सर, टॉप स्पीड किती?" मी सुनंदाकडे बोट केलं. ती म्हणाली, "माहीत नाही. ब्रेक किती लागतात ते माहीत आहे." खंबाटकीच्या बोगद्याकडचा चढ गाडी अशी चढली की मी दाराची कडी घट्ट धरून बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर मजेत होतो.

पुण्याला बाहेरूनच वळसा घालून, देहूरोड, तळेगाव करत आम्ही जुन्या मुंबई रस्त्यानं मावळात शिरलो. इथली भातखाचरं आपल्याकडच्या उसाच्या फडांसारखी सलग नसतात. उतारावर छोटे छोटे तुकडे, मध्ये बांध, आणि ऑक्टोबरात सगळीकडे पिकत आलेला सोनेरी रंग. डोंगरांच्या अंगावर सोनकीची पिवळी फुलं अजून शिल्लक होती. खिडकी खाली केली की ओल्या गवताचा आणि भाताचा वास एकत्र येत होता. मी तो छातीभर घेत होतो तोच सुनंदा म्हणाली, "काटा बघा."

इंजिनाच्या उष्णतेचा काटा टोकाला भिडला होता. वडगावच्या गर्दीत बराच वेळ रखडलो होतो, त्याचा परिणाम. कान्हे फाट्याला गाडी आत घेऊन सुनंदानं ती एका आंब्याच्या सावलीत लावली. बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. शेजारच्या खाचराच्या बांधावर एक म्हाताऱ्या बाई गवत कापत होत्या. विळा हातात घेऊनच त्या आल्या.

"ताप आलाय व्हय हिला?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी," सुनंदा म्हणाली. "पाणी मिळेल का? आधी निवू दे, मग घालायचंय."

"पाण्याला काय तोटा हाय हितं?" मावशी गेल्या आणि कळशी घेऊन आल्या. मग गाडीला एक फेरी मारून माझ्यापाशी उभ्या राहिल्या. "एवढी लांब गाडी, अन् दारं दोनच?"

"कारखान्यानं तेवढीच दिली," मी म्हणालो.

"मग मागची मान्सं कुटनं चढायची?"

पुढची सीट वाकवून मागे कसं शिरायचं ते सुनंदानं त्यांना दाखवलं. हे दाखवणं महागात पडलं, कारण त्यांना कामशेतला लेकीकडे जायचंच होतं. इंजिन निवल्यावर, पाणी भरून झाल्यावर मावशी वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन मागे शिरल्या. शिरताना पिशवी अडकली, मग पदर अडकला, मग मी ढकलू की ओढू हे मला कळेना. एकदाच्या बसल्या. गाडी सुरू झाली तशी त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या सीटची पाठ धरली.

"हितं बसल्यावर मान्सं दिसत न्हाईत," त्या ओरडून म्हणाल्या, "निस्तं आभाळच दिसतंय!"

कामशेतला उतरताना त्यांनी ओंजळभर शेंगा माझ्या मांडीवर ओतल्या. "इमान असंच असतंय का?" त्यांनी विचारलं. मी विमानात एकदाच बसलोय. मी म्हणालो, "याच्यापेक्षा कमी आवाज येतो." त्यांना ते आवडलं नसावं. विमानाविषयी त्यांचं मत थोडं उतरलेलं दिसलं.

कार्ला फाटा गेला. लोहगड आणि विसापूर डावीकडे ढगात डोकं घालून बसले होते. वलवणपासून चिक्कीची दुकानं सुरू झाली. तुंगार्लीचा चढ, दोन्ही बाजूंना मोठमोठे बंगले, कुंपणांवर बोगनवेल. बंगल्यांच्या मागे, जिथे माळी, स्वयंपाकी आणि ड्रायव्हर मंडळींची घरं आहेत, तिथे एका अरुंद बोळाच्या तोंडाशी तिनं गाडी उभी केली. आत जाणं शक्यच नव्हतं.

आवाज ऐकून काकी धावत बाहेर आल्या. "आली गं माझी बाय!" म्हणत त्यांनी सुनंदाला जवळ घेतलं. त्यांच्या मागून काका आले. उंच, ताठ, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. मी त्यांना "जय भीम काका" म्हणालो. त्यांनी "जय भीम" म्हटलं खरं, पण नजर गाडीवर होती. ती आधी हसरी होती. मग हळूहळू विझली.

"ही कुनाची गाडी आनली?"

"आपलीच आहे काका. पिवळी."

"मला दिसतं अजून," काका म्हणाले. "आमची न्हाई ही." आणि ते आत गेले.

सुनंदा तशीच उभी राहिली. शेडमध्ये बोट चिरडलं तेव्हाही मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. मला त्या क्षणी काकांचा फार राग आला. सरळ मागे वळावं असं वाटलं, पण गाडी मला वळवता येत नाही.

काकींनी आम्हाला आत ओढलं. भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर, खाली उदबत्ती, आणि सगळ्या घरभर रश्शाचा वास. किरव्या (ओढ्यातले खेकडे) सकाळीच आणल्या होत्या. त्यांचा लालभडक रस्सा, तांदळाची भाकरी, आणि इंद्रायणीचा मऊ चिकट भात. हा भात शिजत असताना त्याचा वास शेजारच्या घरात जातो. मी कधी जेवलो नव्हतो इतक्या चवीनं जेवलो. काका पडवीत एकटेच ताट घेऊन बसले होते.

ताटं उचलताना काकी हळू आवाजात सुनंदाला म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नको. तुज्या आई-बापाचं लगीन ठरलं तवा या दोगा भावांनी मिळून ती रंगवली व्हती. बाजारात पुरंल एवढा रंग पिवळाच मिळाला. हितंच, बोळाच्या तोंडाशी. ब्रशानं. रंग वाळंस्तोवर थांबले न्हाईत, तशीच वरातीत नेली. तुज्या आईच्या शालूला कडंनं पिवळा डाग पडला व्हता."

सुनंदाला यातलं काहीच माहीत नव्हतं. शालू तिनं पाहिला होता, डागही पाहिला होता. हळदीचा असेल असं तिला वाटत आलं होतं.

ती उठून पडवीत गेली. मी दारातच थांबलो. मध्ये पडण्याची मला सवय नाही.

"काका, पिवळ्याखाली सगळा गंज होता," ती म्हणाली. "खरवडलं नसतं तर पत्राच उरला नसता."

"पत्र्याचं मला सांगू नको. मी बी गाड्या बगितल्यात."

"मग कशाचा राग आहे?"

काकांनी समोरच्या बोळाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "दादा गेला. माजा एकच भाऊ व्हता. तू गाडी ठेवलीस, ठेव. पर एवढी वर्सं तिच्यावर काम केलंस, एकदा तरी इचारायचंस, काका, हिचा हा पार्ट कसा व्हता, हिला कशानं तरास व्हायचा. मी रोज वाट बगितली, पोरी."

"तुम्ही फोनवर येत नव्हतात काका."

"व्हय," काका म्हणाले. "न्हाई यायचो."

मला वाटलं आता रडारड होणार. तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "थंडीत सुरू होताना ती खोकते. तिसऱ्या-चौथ्या वेळेला उचलते. मला सापडत नाहीये."

काकांची मान वळली. "चोक अर्धाच वडायचा. पुरा वडला की तिचं नाक चोंदतं. दादाला बी कदी जमलं न्हाई." मग त्यांनी विचारलं, "चावी कुटं हाय?"

वाचकांना इथे एक सांगायला हवं. गाडी नीट झाल्यापासून सुनंदानं ती चावी कुणाच्या हातात दिली नव्हती. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी विनवण्या केल्या होत्या, तरी नाही. तिनं कमरेच्या पिशवीतून ती काढली आणि काकांच्या तळहातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं खंडाळ्याला निघालो. काका स्टिअरिंगवर, सुनंदा उजवीकडे माझ्या जागेवर, मी आणि काकी मागे. मावशींचं खरं होतं, मागून नुसतं आभाळ दिसतं. काकांनी चोक अर्धा ओढला आणि गाडी पहिल्या फटक्यात उचलली. सुनंदानं "अरे देवा" असं काहीतरी पुटपुटलं. एका बसच्या मागे आलो तेव्हा काकांनी विचारलं, "येतंय का?" सुनंदा म्हणाली, "थांबा." काका थांबले. ती म्हणाली, "आता जा." काका गेले. आरशात मला त्यांचे डोळे दिसले. इतका आनंदी म्हातारा मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

ज्या बंगल्यावर आजोबा होते तिथे आता हॉटेल झालंय. फाटकापाशी गाडी नेली तर सुरक्षारक्षकानं धावत येऊन सलामच ठोकला. "लग्नाची गाडी ना? मागच्या गेटनं घ्या."

"माज्या बापानं याच फाटकातनं ही गाडी रोज बाहीर काढली," काका म्हणाले. "मागच्या गेटनं न्हाई."

रक्षक गोंधळला. "मग नवरदेव कोण?" त्यानं आत डोकावत विचारलं. काकींनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि आम्ही सगळेच इतके हसलो की तोही हसायला लागला. त्यानं आम्हाला पोर्चपर्यंत जाऊ दिलं. काकांनी एक गोल फेरी मारली, पोर्चखाली क्षणभर थांबले, आणि गाडी बाहेर काढली.

राजमाची पॉइंटला आम्ही कणसं खाल्ली. खाली दरी, त्यात रेल्वेचे बोगदे, आणि धुक्यात एक मालगाडी मुंगीसारखी घाट चढत होती. माकडांनी माझं अर्धं कणीस नेलं. काका गाडीला टेकून उभे होते. ते बराच वेळ बॉनेटवरून हात फिरवत होते. "हिरवी बी बरी दिसती," ते म्हणाले. "पर मी पिवळीच म्हननार."

"आम्हीही तेच म्हणतो," सुनंदा म्हणाली.

परतीच्या चढाला काका रंगात आले. पुढची एक नवी कोरी गाडी रमतगमत चालली होती. "येतंय का?" "मोकळं आहे काका!" काकांनी गिअर टाकला, गाडी गुरगुरली, काकींनी डोळे मिटले. पुढच्याच क्षणी कड्कन आवाज झाला आणि गिअरचा दांडा मुळापासून तुटून काकांच्या हातात आला.

काका दांड्याकडे बघत राहिले. सुनंदा दांड्याकडे बघत राहिली. पुढच्या दोन सीटांच्या फटीतून रस्त्याकडे मी एकटाच बघत होतो, म्हणून ओरडलो.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकली होती. तशीच, रविवारच्या सगळ्या लोणावळ्यातून, पर्यटकांच्या गर्दीतून, घुमत-गर्जत आम्ही घरी आलो. थांबलो तर पुन्हा निघणं अवघड, म्हणून काका हॉर्न वाजवत होते आणि काकी खिडकीतून हात बाहेर काढून लोकांना बाजूला व्हायला सांगत होत्या. चिक्कीच्या दुकानांतून लोक टाळ्या वाजवत होते. मिरवणूकच होती ती.

बोळाशी इंजिन बंद झाल्यावर भांडण सुरू झालं.

"माझं वेल्डिंग कच्चं होतं," सुनंदा म्हणाली.

"काय न्हाई. माजा हात जड पडला."

"काका, तो जोड मी घाईत मारला होता, मला माहीत आहे ना."

"मी चालवत व्हतो का तू? माज्या हातनं मोडली."

दोघांनी मिळून दुपारभर गिअरबॉक्स खाली काढला. मी बॅटरी धरली. आत एका चक्राचे दोन दातही उडाले होते. असं चक्र विकत मिळत नाही, नवीन कापून घ्यावं लागणार. काका म्हणाले, तळेगावात एक कारागीर आहे, पण तो सावकाश करतो. मग हात पुसता पुसता, सुनंदाकडे न बघता म्हणाले, "हितं ठेवतीस का? मी बगतो समदं. तू येत जा अधनंमधनं."

सुनंदा गाडीभोवती एक फेरी मारून आली. तिनं चाकांना हात लावला, काच पुसली, दार उघडून पुन्हा लावलं. मला वाटलं, ती ट्रक बोलावणार आणि गाडी मिरजेला नेणार. ती म्हणाली, "ताडपत्री आहे का तुमच्याकडे? दवात ठेवू नका."

"माजं अंथरूण घालीन," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोणावळा स्टेशनवरून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेत बसलो. सोबत काकींनी दिलेले इंद्रायणीचे तांदूळ, चिक्कीचे डबे आणि फडक्यात गुंडाळलेलं ते मोडकं चक्र. सुनंदाला त्याचं माप घरी नीट घ्यायचं होतं. कान्हे स्टेशन मागे गेलं तेव्हा खाचरांत कापणी सुरू झालेली दिसली. सुनंदा खिडकीशी बसून होती. मी विचारलं, "चुकचुकतंय का?"

"थोडं," ती म्हणाली, आणि झोपी गेली.

मी निवृत्तीनंतर बऱ्याच ठिकाणी हिंडलो. प्रत्येक वेळी घरी येऊन बॅग रिकामी केली की प्रवास संपायचा. हा प्रवास तसा संपलेला नाही. आता आमच्याकडे रोज संध्याकाळी फोन वाजतो. मी उचलला तर काका माझी चौकशी करतात, तब्येत विचारतात, पण त्यांना घाई असते. मग सुनंदा फोन घेऊन गॅलरीत जाते आणि दाते, चक्रं, पोलादाचा कस असं काहीबाही बोलत राहते. मध्येच दोघं आप्पांच्या कुठल्या तरी आठवणीवर येतात आणि ती मोठ्यानं हसते. आपल्या वडिलांविषयी बोलताना ती हसते आहे, हे मी ते गेल्यापासून पहिल्यांदाच ऐकतोय. मी तिचा चहा नेऊन ठेवतो. तो हमखास गार होतो. मी दुसरा करतो.